न झालेल्या खुनाची शिक्षा

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द तोंडात पान असताना उच्चारता येत नाही. कवळी नवी असतानाही येत नाही. कदाचित म्हणूनच असेल, पण हा शब्द आपण व्याख्यानात आणि शाळेतल्या निबंधात वापरतो. घरी नुसतं 'मन खातं' म्हणतो. मला तर हे 'मन खातं' जास्त खरं वाटतं. सदसद्विवेकबुद्धी म्हटलं की डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातात तराजू घेतलेली कुणी तरी पोक्त बाई समोर उभी राहते. मन खातं म्हटलं की उंदीर आठवतो. आणि उंदराला तराजू ठाऊक नसतो. कपाटातली घेणेकऱ्याची बिलं तो बिनधास्त सोडून देतो आणि आईच्या लग्नातला शालू कुरतडतो. माणसाच्या मनाचंही तेच. ज्याला खायला हवं त्याला ते शिवत नाही, आणि ज्यानं काही केलेलंच नाही त्याला रात्रभर कुरतडत बसतं.

हे तत्त्वज्ञान मला उपनिषदांतून सापडलं असतं तर मी जरा ताठ मानेनं सांगितलं असतं. पण ते सापडलं एका जुन्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागात, आणि मालिकाही कसली, तर दुपारची! अमेरिकेत अशा मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात. रेडिओच्या काळापासून साबणाच्या कंपन्या त्यांचा खर्च सोसत आल्या म्हणून हे नाव पडलं. घरातल्या बाईनं दुपारी भांडी घासता घासता दुसऱ्यांच्या घरातली भांडणं पाहावीत आणि मध्येच साबणाचं नाव ऐकावं, अशी ती सोय. तर अशाच एका दुपारी, २७ जून १९६६ रोजी, एबीसी वाहिनीवर 'डार्क शॅडोज' नावाची मालिका सुरू झाली. नावाचा अर्थ काळ्या सावल्या. (सावली गोरी कशी असेल, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. नाहीतर माणूस मालिका पाहूच शकत नाही.)

ही मालिका पुढे गाजली ती एका रक्तपिपासू गृहस्थामुळे. बार्नाबस कॉलिन्स त्यांचं नाव. जोनाथन फ्रिड या कॅनडातल्या नटानं ते काम केलं. पण हे गृहस्थ शवपेटीतून बाहेर आले ते १९६७ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे दोनशेच्या वर भाग उलटून गेल्यावर. तोपर्यंत प्रेक्षकांची संख्या इतकी रोडावली होती की मालिकेलाच कुणी तरी रक्त देणं भाग होतं. बार्नाबसनं उलट घेतलं, आणि मालिका तरली! शेवटी २ एप्रिल १९७१ ला ती संपली, तेव्हा बाराशे पंचवीस भाग झाले होते. मालिकेचे भक्त बार्नाबसच्या आधीचे भाग पुष्कळदा ओलांडून पुढे जातात. 'त्यात काही घडतच नाही हो,' असं म्हणतात.

मला नेमके तेच आवडतात. ज्यात काही घडत नाही असंच आयुष्य मी पुष्कळसं जगलो आहे, आणि त्यात किती काय काय घडत असतं ते मला ठाऊक आहे.

पहिल्या भागात काय आहे? काळीपांढरी आगगाडी रात्रीची चालली आहे. खिडकीशी एक तरुण मुलगी. तिचं नाव व्हिक्टोरिया विंटर्स. न्यू यॉर्कच्या अनाथालयात ती वाढली. कुणी तरी तान्ही असताना तिला पेटीत घालून सोडलं, सोबत तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी. दिवस थंडीचे होते म्हणून आडनाव विंटर्स. (आपल्याकडे हीच पद्धत असती तर निम्मा महाराष्ट्र 'उन्हाळे' झाला असता.) तिला मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट नावाच्या एका मासेमारीच्या गावी, डोंगरावरच्या वाड्यात, एका मुलाला शिकवायची नोकरी आली आहे. नोकरी आपल्यालाच का दिली, ते तिला ठाऊक नाही. त्याच गाडीत बर्क डेव्हलिन नावाचा एक देखणा, अंगापिंडानं भक्कम आणि चेहऱ्यानं रागावलेला गृहस्थ आहे. दोघंही त्या निर्जन स्टेशनावर उतरतात. गावातल्या हॉटेलात कॉफी देणारी मॅगी इव्हान्स नवीन पोरीला सांगते, त्या वाड्यात जाऊ नकोस, वेडी आहेस का. ती अर्थातच जाते. न जाणाऱ्या मुलींवर मालिका निघत नाहीत.

तिकडे वाड्यात एक बाई खिडकीशी उभी आहे. मालकीण, एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड. तिचा भाऊ रॉजर हातात ब्रँडीचा पेला घेऊन तिच्यावर डाफरतो आहे, की ही परकी पोरगी घरात कशाला आणतेस. बाई शांत आहे. अशी शांत, की पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटावं. शेवटी दारावर थाप पडते, दार ती स्वतः उघडते, आणि भाग संपतो. झालं. वीस-बावीस मिनिटांत एकच दार उघडतं.

लवकरच कळतं, की ही बाई अठरा वर्षांत वाड्याच्या बाहेर पडलेली नाही. नवरा सोडून गेला त्या रात्रीपासून. बहुतेक नोकरचाकरही तिनं काढून टाकले. तळघरातल्या एका खोलीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली तिच्याकडे. गावात नाना तर्क. कुणी म्हणतं दुःख, कुणी म्हणतं माज, कुणी म्हणतं वेड. आपल्या आळीत हे घडलं असतं तर पहिल्या आठवड्यातच शेजारणी 'जरा विरजण द्या हो' म्हणून आत घुसल्या असत्या आणि तळघराचा निकाल लागला असता. अमेरिकेत घरं लांब लांब असतात, त्याचा हा तोटा.

वर्षभरानं, म्हणजे १९६७ च्या उन्हाळ्यात, गुपित फुटतं. ते असं. नवरा, पॉल स्टॉडर्ड, त्या रात्री पैसे आणि रोखे घेऊन पळून निघाला होता. तिनं अडवलं, तो थांबेना, तेव्हा शेकोटीतले निखारे सारायची लोखंडी सळई तिनं रागाच्या भरात उचलली आणि मागून त्याच्या डोक्यात घातली. तो पडला. नवऱ्याचा मित्र जेसन मग्वायर तिथंच होता. त्यानं नाडी पाहिली, मान हलवली, 'गेला' म्हणाला, आणि मोठ्या मनानं प्रेत एका ट्रंकेत घालून तळघरात पुरून देतो म्हणाला. दिलं पुरून. आणि गेला निघून. अठरा वर्षं ती बाई त्या ट्रंकेवर बसून राहिली. नागीण ठेव्यावर बसते तशी.

मग जेसन परत आला. माझ्याशी लग्न कर, नाहीतर सांगून टाकतो. लग्नाची तयारी झाली, दिवाणखान्यात माणसं जमली. वधूच्या मुलीनं, कॅरोलिननं, तर त्या जेसनवर झाडायला पिशवीत पिस्तूल आणलं होतं. म्हणजे पाहा, खोट्या खुनापायी एक खरा खून अगदी उंबऱ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात एलिझाबेथनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं: मी नवऱ्याला मारला, आणि हा माझा साथीदार.

तळघर खणलं. ट्रंक निघाली. उघडली.

रिकामी!

पॉल मेलाच नव्हता. दोघा मित्रांनी मिळून नाटक केलं होतं. पैसा घेऊन एक पसार झाला आणि दुसऱ्यानं रिकामी ट्रंक पुरली.

इथं मी मालिका थांबवली. (हल्ली मालिका थांबवता येते, ही विज्ञानाची कृपा. पूर्वी चहा गार व्हायचा.) आमच्या सौभाग्यवती शेजारीच लसूण सोलत होत्या. म्हटलं, "बघ, अठरा वर्षं फुकट."

"फुकट कशी? सळई तर घातली ना डोक्यात?"

"पण मेला नाही ना तो."

"तो मेला नाही ही त्याची कवटी टणक. त्यात हिचा काय गुण?"

मी गप्प झालो. आमच्या घरी तत्त्वज्ञान हे असं, लसूण सोलता सोलता होतं. पण प्रश्न सोपा नव्हता, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मला खात बसला. समजा मी एक दगड फेकला. तो माणसाला लागला तर मी खुनी, हातभर बाजूनं गेला तर व्रात्य. हात तोच, राग तोच, दगडही तोच. फरक वाऱ्याचा. वाऱ्यानं माझं चारित्र्य ठरवायचं? कायदा म्हणतो, हो, पुष्कळसं वाराच ठरवतो. खुनाची शिक्षा वेगळी, खुनाच्या प्रयत्नाची वेगळी. आपली जुनी माणसं पापाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन कप्पे करीत. त्या हिशेबानं बाईच्या मानसिक खात्यावर खून पूर्ण जमा, कायिक खात्यावर अर्धा, आणि वाचिक खात्यावर अठरा वर्षांचं मौन. आता एकूण बेरीज किती? चित्रगुप्तालाही हातचे राहिले असते.

पण खरी मौज पुढंच आहे. त्याच वाड्यात, त्याच छपराखाली, रॉजर राहतो. हातातला ब्रँडीचा पेला सहसा खाली न ठेवणारा तिचा भाऊ. याची कथा ऐका. दहा वर्षांपूर्वी हा गाडी हाकत होता. गाडीखाली एक माणूस मेला. बरोबर बर्क डेव्हलिन होता, दारूच्या अमलाखाली. रॉजरनं कोर्टात शपथेवर सांगितलं की गाडी बर्कच चालवत होता. बर्क पाच वर्षं तुरुंगात गेला. तोच पहिल्या भागात आगगाडीनं सूड घ्यायला परत येतो. बर्कची मैत्रीण होती ती रॉजरनं बायको म्हणून आणली. चित्रकार सॅम इव्हान्स, म्हणजे त्या कॉफीवाल्या मॅगीचा बाप, अपघाताचा साक्षीदार. त्याचं तोंड रॉजरनं त्याची चित्रं चांगल्या किमतीला विकत घेऊन बंद केलं. कलेला राजाश्रय मिळतो तो असा! सॅमचं मन त्याला इतकं खातं की तो दारूत बुडतो. रॉजर मात्र ब्रँडीच पितो, आणि तीही चांगल्या पेल्यातून. पकडलं जाण्याची भीती त्याला आहे. पण ज्याला आपण मन खाणं म्हणतो त्याचा मागमूस नाही.

म्हणजे ज्याच्या हातून खरोखर माणूस मेला तो गावभर हिंडतो आहे, आणि जिच्या हातून कुणी मेलं नाही ती दाराबाहेर पाऊल टाकीत नाही. तो वर तिलाच विचारतो आहे, परक्यांना घरात का आणतेस! पहिला भाग दुसऱ्यांदा पाहताना त्या दिवाणखान्यातल्या संभाषणाला वेगळाच रंग चढतो. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, बहीण-भावाची कुरबुर आहे. पण दोन गुन्हेगार समोरासमोर उभे होते. त्यांतली एक गुन्हेगार नव्हती, आणि आपण गुन्हेगार आहोत हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

तिसरा डेव्हिड. रॉजरचा मुलगा, दहा-एक वर्षांचा, ज्याला शिकवायला व्हिक्टोरिया आली. हे कार्टं बापाच्या गाडीच्या ब्रेकमधला व्हॉल्व्ह काढून ठेवतं. खेळ म्हणून नाही हं, बाप मरावा म्हणून. गाडी घसरते, रॉजर थोडक्यात बचावतो. व्हॉल्व्ह पोराच्या सामानात सापडतो. आणि मग एलिझाबेथ, हीच ती अठरा वर्षं स्वतःला कोंडून घेतलेली बाई, पोलिसांना सांगते की तो निव्वळ अपघात होता. स्वतःला जन्मठेप, भाच्याला माफी!

इथं मला मांडव्य ऋषींची आठवण झाली. महाभारतात त्यांना सुळावर चढवलं जातं, आणि यमधर्माला कारण विचारल्यावर तो म्हणतो, लहानपणी तू किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास. ऋषी संतापले. लहान मुलाच्या खोडीला सूळ? त्यांनी यमालाच शाप दिला, जा, मनुष्ययोनीत जन्म घे. आणि नियम करून टाकला की चौदा वर्षांच्या आत केलेल्याचं पाप लागणार नाही. यम विदुर झाला. म्हणजे एलिझाबेथबाईंच्या निकालाला महाभारताचा आधार आहे. मात्र मांडव्यांनी किडे टोचले होते. बापाच्या गाडीचा ब्रेक काढणारा पोरगा समोर असता तर त्यांनी वयोमर्यादा जरा खाली आणली असती, असा माझा अंदाज आहे.

तर तीन माणसं. एकानं मनात आणलं आणि केलं, पण झालं काही नाही. एकानं मनात आणलं नव्हतं, पण माणूस मेला, आणि नंतर जे मनात आणून केलं ते दुसऱ्यानं भोगलं. एकीनं क्षणभर मनात आणलं, झालं काही नाही, पण तिनं अठरा वर्षं भोगलं. मांडणीवरची भांडी घासून परत लावताना गडबडीत एकाचं झाकण दुसऱ्यावर बसावं तसं कृत्य, हेतू आणि शिक्षा यांचं झालं आहे. पिंपावर वाटीचं झाकण, वाटीवर परात.

बाईंचा मला आदर वाटतो. पण एका गोष्टीनं मी अडखळलो. ती अठरा वर्षं घरात बसली ती पश्चात्तापानं की राखणीला? पश्चात्ताप झालेला माणूस तळघराला कुलूप घालत नाही. एका बाजूनं पाहिलं तर ते प्रायश्चित्त होतं. दुसऱ्या बाजूनं तो पहारा होता. कुणी खणू नये म्हणून. आणि तो पहारा एकटीचा नव्हता. कॅरोलिन त्याच सुमारास जन्मली. तिच्या वाट्याला आईबरोबर गावात जाणं नाही, समुद्रावर जाणं नाही; बाप सोडून गेला म्हणजे आपल्यातच काही खोट असेल असं मनात धरून ती वाढली. आईनं स्वतःला शिक्षा दिली, पण तिचे अर्धे हप्ते मुलीनं भरले. स्वतःला शिक्षा देणाऱ्या माणसांचं हे नेहमीचंच आहे. माणूस 'मी आता गोड सोडलं' म्हणतो, आणि घरात वर्षभर श्रीखंड होत नाही.

तिनं पहिल्याच रात्री पोलिसांना बोलावलं असतं तर? पोलिसांनी पहिलं काम काय केलं असतं? ट्रंक उघडली असती. रिकामी! अठरा मिनिटांत सुटका. म्हणजे तिच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याच ट्रंकेत होता जी ती कुणाला उघडू देत नव्हती. 'मी गुन्हा केला' असं म्हटल्याशिवाय गुन्हा झालाच नाही हे कळायला दुसरा रस्ता नव्हता. हे मला सुचलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. सौ. झोपेत म्हणाल्या, "अपचन झालंय का?"

पण हे बोलणं सोपं आहे. पोटात किंवा पाळण्यात मूल, घराण्याचं नाव गावावर लिहिलेलं (गावाचं नावच कॉलिन्सपोर्ट!), समोर नवरा निश्चल पडलेला, आणि एक माणूस हळू आवाजात सांगतो आहे, 'तुम्ही काही काळजी करू नका, मी बघतो सगळं.' अशा वेळी पोलिसांना कोण बोलावतं? 'मी बघतो सगळं' या वाक्यानं जगात जितकी घरं बुडाली असतील तितकी दारूनंही बुडाली नसतील.

आणि या जेसनची हुशारी पाहा. त्यानं तिला फसवलं ते तिच्या दुर्गुणावर नाही, सद्गुणावर. हाच डाव त्यानं रॉजरवर टाकून पाहायचा होता! रॉजर म्हणाला असता, 'मेला? अरेरे. ब्रँडी घेणार?' आणि महिनाभरात तळघराचा विसर पडून तिथं दारूच्या बाटल्या लावल्या असत्या. ज्याला मन खात नाही त्याला धमकी देता येत नाही, निदान अठरा वर्षं पुरेल अशी तरी नाही. मन खाणारा माणूस म्हणजे लबाडाच्या दृष्टीनं बँकेतली मुदत ठेव. ठेवायची, विसरून जायचं, नडीला येऊन व्याजासकट मागायची. त्याची चौकी-पहारासुद्धा ठेवच करते.

मग मन बोथट असलेलंच बरं का? व्यवहार पाहिला तर हो असंच उत्तर येतं, आणि मला ते आवडत नाही. मला रॉजरच्या शेजारी राहायला आवडणार नाही. एलिझाबेथच्या शेजारी चालेल. विरजण मागायला जाता येणार नाही, एवढंच.

आता एक गोष्ट सांगतो ती मालिकेतली नाही. एलिझाबेथचं काम करणारी नटी जोन बेनेट. तीस-चाळीसच्या दशकांत ती हॉलिवुडची मोठी नटी होती. फ्रित्झ लँग या दिग्दर्शकाच्या 'स्कार्लेट स्ट्रीट' या १९४५ च्या चित्रपटात तिचा खून होतो. करणारा एक साधा, मवाळ कारकून. त्याच्या जागी देहदंड भोगतो दुसराच, आणि हा कारकून सुटतो. पण मेलेल्यांचे आवाज त्याला आयुष्यभर सोडत नाहीत. कायद्यानं सोडलं, मनानं धरलं. म्हणजे एकाच बाईनं आधी जिच्या खुनानं दुसऱ्याचं मन खाल्लं ती केली, आणि वीस वर्षांनी न केलेल्या खुनानं जिचं मन खाल्लं ती केली. मनाच्या दुकानात तिनं गिऱ्हाइकाच्या बाजूनं आणि गल्ल्याच्या बाजूनं, दोन्हीकडून उभं राहून पाहिलं.

आणि मध्ये काय घडलं, तर १९५१ च्या डिसेंबरात तिचा नवरा, निर्माता वॉल्टर वँगर, यानं संशयावरून तिच्या एजंटावर लॉस एंजल्सजवळ मोटारी लावण्याच्या जागेत गोळ्या झाडल्या. एजंट वाचला. वँगर चार महिन्यांची शिक्षा भोगून आला आणि पुन्हा चित्रपट काढू लागला. पुढं एलिझाबेथ टेलरचा १९६३ चा 'क्लिओपात्रा' त्यानंच काढला. एजंटही सिनेमाच्या धंद्यात पुढं मोठा झाला. आणि जोनबाई? त्यांच्याकडे चित्रपट येणं जवळजवळ थांबलं. गोळी झाडणाऱ्याला चार महिने, गोळी लागलेल्याला बढती, आणि जिनं पिस्तुलाला हात लावला नव्हता तिला बेमुदत. पहिल्या भागात ती खिडकीशी उभी राहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची ती शांतता कुठल्या शिकवणीतून आली, ते मी सांगू शकत नाही. पण छप्पन्नाव्या वर्षी दुपारच्या मालिकेत येऊन, 'मी काहीही न करता आत बसले आहे' हे काम तिनं केलं, आणि त्यात तिला अभिनयाचे फार कष्ट पडले असावेत असं मला वाटत नाही.

तिच्या भोवती सगळा संसार पुठ्ठ्याचा आहे, हेही सांगायला हवं. मालिका न्यू यॉर्कच्या स्टुडिओत रोज एक भाग या वेगानं चित्रित होई. फीत कापून जोडणं महाग, म्हणून भाग सलग खेळायचा आणि चुकलं तरी पुढं जायचं. त्यामुळे वरून मायक्रोफोनचा दांडा डोकावतो, भिंत हलते, नट वाक्य विसरून शून्यात पाहतो आणि आपण त्याला गूढ समजतो. बाराशे पंचवीस भागांतला एक सोडून बाकी सगळे शिल्लक आहेत. त्या काळच्या पुष्कळ मालिकांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. हिच्या चुका मात्र सगळ्या जपून ठेवल्या आहेत. एलिझाबेथबाईंना हे अगदी ओळखीचं वाटलं असतं.

व्हिक्टोरियाचं काय झालं? आपण कोण, आपली आई कोण, हे शोधायला ती पहिल्या भागात त्या दारात उभी राहिली. मूळ विचार एलिझाबेथच तिची आई असावी असा होता, म्हणतात. पण तोपर्यंत बार्नाबस आला, त्याच्यामागून चेटकिणी आल्या, लोक भूतकाळात जाऊ लागले, आणि या पोरीचा प्रश्न विचारायला कुणाला सवडच राहिली नाही. काम करणारी अलेक्झांड्रा मोल्टके १९६८ मध्ये बाळंतपणासाठी मालिका सोडून गेली. तिच्या जागी एकामागून एक दोघी आल्या आणि मग ते पात्रच नाहीसं झालं. मालिका संपली तरी आई कोण ते सांगितलं नाही. बाकी कुणाचं मन या मालिकेत खाल्लं गेलं असो वा नसो, लेखकांचं याबाबतीत खाल्लं गेलं असावं अशी मी आशा करतो.

आणि पॉल स्टॉडर्ड? तो न मेलेला नवरा? तो १९६९ मध्ये परत आला, धडधाकट. त्याचं काम डेनिस पॅट्रिक या नटाला दिलं. हाच डेनिस पॅट्रिक दोन वर्षांपूर्वी ट्रंक पुरणारा जेसन मग्वायर झाला होता. म्हणजे जो पुरला गेला नव्हता आणि ज्यानं पुरलं नव्हतं, त्या दोघांचा चेहरा एकच! हे मी सौ.ना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"तरीच," त्या म्हणाल्या, "दोघे कधी एकत्र दिसले नाहीत." आणि लसणाची ताटली घेऊन आत गेल्या.